तणमोराची उडी आणि बाकीचा तणमोर

तणमोराचा फोटो म्हटलं की तो हवेतच असतो. मान मागे टाकलेली, पाय पोटाशी घेतलेले, पंख अर्धे उघडलेले, डोक्यामागची लांब पिसं वर उधळलेली आणि खाली हिरवा पसारा, लेन्सने मऊ करून टाकलेला. गूगल करा, इन्स्टा बघा, सगळीकडे हाच. मीपण हाच फोटो काढायला राजस्थानात गेलो होतो, उगाच साळसूदपणा कशाला, आणि मिळालाही, बऱ्यापैकी मिळाला. पण परत आल्यापासून डोक्यात जे घोळतंय ते त्या फोटोत नाहीच.

आधी पक्ष्याची ओळख, ज्यांना माहितीये त्यांनी हा पॅरा सोडला तरी चालेल. माळढोकाचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं, नान्नजच्या माळढोक अभयारण्यामुळे, सोलापूरवाल्यांनी तर जरा जास्तच. तणमोर त्याच घराण्यातला, पण भारतात त्या घराण्याचे जे चार पक्षी दिसतात त्यात सगळ्यात लहान. माळढोक मीटरभर उंच आणि नर चौदा-पंधरा किलोपर्यंत जाणारा, तर तणमोराचा नर जेमतेम अर्धा किलो, गावठी कोंबडीपेक्षाही हलका. मादी नरापेक्षा थोडी मोठी. हिवाळ्यात-उन्हाळ्यात दोघंही तपकिरी, मातकट, सुकलेल्या गवताच्या रंगाचे, समोर बसलेले असले तरी दिसणार नाहीत असे. पाऊस पडला की नर कात टाकल्यासारखा बदलतो, डोकं-मान-पोट काळंभोर, मानेच्या मुळाशी पांढरा पट्टा, पंखांवर पांढरं आणि दोन्ही कानांमागून निघालेली तीन-तीन लांब पिसं, टोकाला चपटी रुंद झालेली. वीण आता मुख्यतः गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेशाचा पश्चिम भाग आणि आपल्याकडे अकोला-वाशिमचा पट्टा एवढ्यातच उरलीय. १९९९ च्या सुमाराला साधारण साडेतीन हजार पक्षी असावेत असा अंदाज होता, २०१७-१८ च्या पाहणीत त्यात ऐंशी टक्के घट दिसली आणि २०२१ मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेने त्याला 'अतिसंकटग्रस्त' यादीत टाकलं. म्हणजे वाघ ज्या यादीत आहे त्याच्याही वरची पायरी. वाघासाठी किती जिप्सी धावतात आणि याच्यासाठी किती, हा विषय काढला की मी थांबत नाही म्हणून काढत नाही.

आता उडी. पावसात गवत कमरेएवढं, पक्षी गुडघ्याएवढाही नाही. मादीला दिसायचं कसं? म्हणून हा गडी जागच्या जागी वर उडतो, पाच-सहा फूट, आणि परत तिथेच खाली पडतो. सगळा कारभार एक-दोन सेकंदांचा. वर जाताना पंखांचा खडखडाट होतो, बेडूक ओरडल्यासारखा कोरडा आवाज, वारा नसेल तर तीन-चारशे मीटरवरूनही ऐकू येतो. ऐंशीच्या दशकात एका अभ्यासात एका दिवसात पाचशेच्या वर उड्या नोंदवल्या गेल्यात. अर्धा किलोचा जीव, दिवसभर किडे-नाकतोडे खाऊन पाचशे उड्या, आणि हे एक दिवस नाही, जुलैपासून सप्टेंबरपर्यंत. आमच्या जिममधल्या लोकांनी याचा आदर्श घ्यावा, असो.

इंग्रजांच्या काळात हीच उडी त्याला महागात पडली. एरवी कुत्रं घेऊन गवत तुडवलं तरी न सापडणारा पक्षी ऐन विणीत आपण होऊन डोकं वर काढतो म्हटल्यावर बंदुकवाल्यांना अजून काय पाहिजे. हजारोंनी मारले गेले आणि मारले गेले ते उड्या मारणारे, म्हणजे नर, आणि तेही ऐन हंगामात. बंदूक गेली, आता आम्ही आलो ६०० मिमीची लांब लेन्स घेऊन. कॅमेऱ्याने पक्षी मरत नाही हे खरंय, पण फोटोवाला बसतो कुठे, लक्ष कशावर ठेवतो आणि बोट केव्हा दाबतो याचा विचार केला तर शिकारी आणि फोटोग्राफर एकाच बांधावर बसलेले असतात.

जायचं कुठे हापण प्रश्नच असतो. भावनगरजवळचं वेळावदर नावाजलेलं, पण राष्ट्रीय उद्यान असल्याने पावसाळ्यात बंद, आणि तणमोर दिसतो पावसाळ्यातच. मध्य प्रदेशात रतलामजवळचं सैलाना आणि धार जिल्ह्यातलं सरदारपूर, ही दोन्ही अभयारण्यं १९८३ साली खास याच पक्ष्यासाठी झाली, सलीम अलींनी पाठपुरावा केला होता म्हणून. तिकडे त्याला खरमोर म्हणतात आणि अभयारण्यांचं नावच खरमोर अभयारण्य. पण अलीकडे तिथे पक्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके येतात. म्हणून बहुतेक फोटोवाले जातात अजमेर जिल्ह्यात, नसीराबादच्या पुढे शोकलियाच्या भागात. तिथे गेट नाही, तिकीट नाही, सफारी नाही. कागदावर शिकारबंदी क्षेत्र, पण जमीन लोकांच्या मालकीची, मूग, उडीद, ज्वारी, तीळ आणि मधेमधे राखलेली गवताची बीडं. देशातले उरलेसुरले तणमोर असे कुणाच्या तरी मुगात उभे असतात, हे मला तिथे जाईपर्यंत पचलं नव्हतं. माझ्या डोक्यात कुरण म्हणजे कुरण होतं, क्षितिजापर्यंत गवत वगैरे. प्रत्यक्षात बांध, बाभळी, विजेचे खांब, म्हशी, आणि मोटारसायकलवर दुधाचे कॅन.

नसीराबादला उतरलात तर कचोरा खा. कचोरी नाही, कचोरा, पराती एवढा, तोडून वजनावर देतात. त्याचा पक्ष्याशी काही संबंध नाही, पण पहाटे चारला उठून गाडीत सहा तास बसायचं असेल तर पोटात काहीतरी भक्कम लागतं.

आमच्याबरोबर तिथलाच एक शेतकरी होता, पन्नाशीचा, डोक्याला लाल फेटा, बोलणं कमी. गाडीत बसल्याबसल्या त्याने नियम सांगितले. "शीशा नीचे, इंजन बंद, दरवाज़ा नहीं खुलेगा. पेशाब लगे तो रोक लेना." बस. गाडी हीच लपण, कारण पक्षी ट्रॅक्टर-जीपला सरावलेले असतात, माणूस दोन पायांवर उभा राहिला की मात्र संपलं. खिडकीत बीन बॅग, त्यावर लेन्स, आणि समोर दीडशे मीटरवर एक चढाचा तुकडा, जिथे तो रोज उडतो असं त्याचं म्हणणं. नर जागा धरून असतात, बऱ्याचदा वर्षानुवर्षं तीच.

आधी आवाज आला. मला वाटलं खरंच बेडूक. फेटेवाल्याने नुसती हनुवटी वर केली. मी व्ह्यूफाइंडरमध्ये डोळा घातला आणि अर्थातच तोपर्यंत उडी होऊन गेलेली. मग पुढचा तासभर हाच खेळ, तो डावीकडे फोकस केला की उजवीकडे, उजवीकडे धरला की शांत. ज्यांनी काढलाय त्यांना माहितीये काय प्रकार असतो, ज्यांनी नाही त्यांच्यासाठी सांगतो, ऑटोफोकस पुढच्या गवताच्या तुऱ्याला चिकटतो, पक्षी वर आला की कॅमेरा एक क्षण विचार करतो आणि तेवढ्यात पक्षी खाली. शटर १/२५०० च्या खाली आणलं तर पंख पुसट होतात, आणि श्रावणातला ढगाळ उजेड म्हणजे आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, वाढवली की फोटो दाणेदार होतो) चार हजाराच्या पुढे. त्यात पक्षी काळा आणि पांढरा दोन्ही. पांढऱ्यावर एक्स्पोजर धरलं की काळ्याचा डांबराचा गोळा होतो, काळ्यातलं पीस न् पीस पाहिजे म्हटलं तर पंखाचा पांढरा जळून जातो. ऊन पडलं की अजून वाईट, नऊ वाजले की जमिनीवरून वाफ तरंगायला लागते आणि मग लाखभराच्या लेन्समधूनसुद्धा सगळं पाण्याखाली असल्यासारखं दिसतं.

हल्लीच्या मिररलेसमध्ये प्री-कॅप्चर म्हणून सोय असते. बटण अर्धं दाबून ठेवायचं, कॅमेरा मागचा काही वेळ सतत साठवत राहतो, आणि तुम्ही पूर्ण दाबलं की आधीचा अर्धा सेकंदही मिळतो. म्हणजे उडी बघून मग दाबलं तरी उडीची सुरुवात हातात. माझा मित्र याला चीटिंग म्हणतो, त्याच्याकडे तो कॅमेरा नाही. मला स्वतःला त्यात काही वाईट वाटत नाही, उलट बरंच आहे, दोन-चार उड्यांत काम होतं आणि माणूस लवकर निघतो. पक्ष्याच्या दृष्टीने चांगला फोटोग्राफर म्हणजे लवकर निघणारा फोटोग्राफर.

आम्हाला मिळाली ती सकाळ. ढग होते, वारा पडलेला, तो दर मिनिटाला दोन मिनिटांनी उडत होता, मी मोजणं सोडलं. एका फ्रेममध्ये पाय बरोबर आत, मान मागे, डोळा शार्प. गाडीत कुणीच काही बोललं नाही पण सगळ्यांना कळलं होतं. आणि मग मागच्या बांधावर दुसरी गाडी आली, तिच्यामागे अजून एक. त्यातल्या एकाने दार उघडलं, ट्रायपॉड काढला आणि चक्क शेतात उतरला, कॅमोफ्लाज जॅकेट घालून. मुगाच्या हिरव्या शेतात खाकी ठिपक्यांचं जॅकेट, लांबून गाढवसुद्धा ओळखेल. उड्या थांबल्या. पाच मिनिटं, दहा, वीस. फेटेवाला इतका वेळ गप्प होता, तो खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडला, मारवाडीत, आणि त्यातलं मला कळलं ते इथे लिहिता येणार नाही.

तो माणूस परत गाडीत गेल्यावर हा आमच्याकडे वळला आणि म्हणाला, वो तो फिर उछल जाएगा, आधे घंटे में. पर उसने पैर कहाँ रखा, उसको पता है?

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, मूग तुडवला का तुमचा? तो म्हणाला, मूंग छोड़ो. मादा देखी कभी?

नाही पाहिली. प्रश्नच नाही. आणि मी नंतर आठवून आठवून बघितलं, ओळखीतल्या कुणाकडेच मादीचा धड फोटो नाही. कारण ती उडत नाही. तिला उडायचं कारणच नाही, बोलावणारा तो आहे, जाणारी ती. गवतातून चालत येते, चालत जाते, आणि मग नराचं काम तिथेच संपतं. पुढचं सगळं तिच्याकडे. जमिनीवरच अंडी घालते, तीन-चार, धड घरटंसुद्धा नाही, गवताच्या बुडाशी जरासा खळगा. जवळजवळ तीन आठवडे एकटी बसते. पिल्लं निघाली की लगेच चालायला लागतात आणि त्यांना घेऊन ती पुन्हा गवतातच. आम्ही ज्याला तणमोर म्हणून मिरवतो तो त्या सगळ्या प्रकरणातला गवताच्या वर आलेला एवढासा तुकडा, त्यातही वर्षातले दोन-अडीच महिने, त्यातही सेकंदभर.

बरं, हे नुसतं फोटोवाल्यांचं नाही. मोजणीसुद्धा अशीच होते. पाहणी करणारे लोक उडणारे नर मोजतात, दुसरं दिसतच नाही तर मोजणार काय, आणि माद्याही साधारण तेवढ्याच असतील असं धरतात. पद्धत म्हणून त्यात काही खोट नाही, माझ्यासारख्या हौशी माणसाने त्यावर बोलूही नये. पण समजा माद्या अंड्यांवरच मरायला लागल्या, यंत्राखाली, कुत्र्यांच्या तोंडी, तर नर काय करेल? उडतच राहील. काही वर्षं तेवढेच नर, तेवढ्याच उड्या, आकडा जागच्या जागी, फोटोही झकास. आणि शेतात कोणीच ऐकणारं नाही. त्या गाडीत बसून मला हा विचार पहिल्यांदा आला आणि अजून गेलेला नाही.

हे मनात असतानाच नंतर कारंजा लाडला जाणं झालं, वाशिम जिल्ह्यात, तिथे सोहोळचं काळवीट अभयारण्य आहे आणि आसपासच्या माळांवर तणमोर येतो. त्या भागातला फासेपारधी समाज गेली बरीच वर्षं तणमोराच्या नोंदी आणि गवताची राखण यात आहे. ज्यांची अख्खी पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या तित्तर-लाव्यांना फासे लावण्याची, त्यांच्याइतकं गवत कोण वाचणार? एका बेड्यावर, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवर, एक म्हातारे बाबा भेटले. घरात त्यांची बोली गुजरातीच्या जवळची, आमच्याशी वऱ्हाडीत बोलत होते. मी त्यांना मोबाइलवर माझा उडीचा फोटो दाखवला, जरा अपेक्षेनेच. त्यांनी बघितला, परत दिला. "नर तं कोनालेबी दिसते," म्हणाले. "मादी पाह्याची असन तं वर पाहू नका. खाली पाहा."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी जमेल तसं लिहून घेतलं. मादी उठून पळत नाही, दबून बसते. माणूस पाच पावलांवर आला तरी बसून राहते, आणि त्याला वाटतं इथे काही नाही. जिथे गुरं चरून गवत एकदम बुटकं झालंय तिथे ती नसते आणि जिथे अगदी दाट, पाय रुतेल असं आहे तिथेही नसते, मधलं लागतं, पवन्या-मारवेलसारखं, बुडाशी चालायला वाट असलेलं. अंड्यावरून ती उठली की परत येताना सरळ येत नाही, फिरून येते. पूर्वीचे लोक गाय पुढे घालून तिच्या आडून चालायचे, पाखरांना गाईची भीती नसते म्हणून. मी त्यांना म्हटलं आम्ही गाडीच्या आडून बसतो. ते हसले, "म्हंजे तुमची गाय डिझेल पिते."

मूग साठ-सत्तर दिवसांत हातात येतो. जुलैच्या पावसावर पेरलेला मूग सप्टेंबरात काढायचा आणि नेमकी तेव्हाच मादी अंड्यांवर नाहीतर लहान पिल्लं पायाशी. विदर्भात सोयाबीन, ते जरा उशिरा निघतं पण त्यावर फवारणी किती होते ते सगळ्यांना माहितीये, आणि हा पक्षी जगतो किड्यांवर. रोही-डुकरांना अडवायला शेताला जाळ्या लावतात, त्यात हे चालणारे पक्षी अडकतात. मोकाट कुत्री तर सगळीकडेच. आणि जे काही गवत उरलंय ते सरकारी कागदावर 'पडीक'. पडीक म्हटलं की कुणालातरी तिथे काहीतरी उभं करावंसं वाटतं, सोलर नाहीतर पवनचक्की, काहीच नाही तर झाडं. पावसाळ्यात माळावर खड्डे खणून ग्लिरिसिडिया लावणाऱ्या उत्साही मंडळींना बघून मला काय होतं ते मी सांगत नाही, चांगली माणसं असतात, टी-शर्टही छापलेले असतात. पण कमरेएवढ्या गवतावर ज्याचं सगळं अवलंबून आहे त्याला झाडाचा काय उपयोग? झाडावर बसून त्याच्या पिल्लांवर नजर ठेवणाऱ्या कावळ्याला मात्र आहे.

मध्य प्रदेशात वनखात्याने शेतात खरमोर दाखवणाऱ्या शेतकऱ्यांना बक्षीस द्यायची योजना काढली होती. मला ती कल्पना आवडते, त्यात निदान एवढं तरी मान्य केलंय की पक्षी ज्याच्या शेतात आहे त्याचं काहीतरी नुकसान होतंय. शोकलियातल्या आमच्या माणसाला मी विचारलं, तुम्हाला यातून काय मिळतं? तो म्हणाला, आप लोग मिलते हो. हे कौतुक होतं की टोमणा मला अजून ठरवता आलेलं नाही. त्याने आपल्या शेताचा एक कोपरा सगळ्यात शेवटी कापायचं ठरवलंय, दरवर्षी. तिथे काय आहे विचारलं तर सांगत नाही. आम्हाला तिकडे नेलंही नाही, मित्राने जास्तीचे पैसे देऊ केले तरी नाही. मला तिथे त्याच्याबद्दल जो काही आदर वाटला तो उडीमुळे नाही, या नकारामुळे.

मादी दिसली ती शोकलियातच, अशी काहीच ठरवलेलं नसताना. संध्याकाळी परत निघालो होतो, उजेड गेलेला, कॅमेरे बॅगेत, फक्त माझा मांडीवर कारण मला आळस. दोन शेतांमधल्या कच्च्या रस्त्यावर गाडी हळू झाली आणि फेटेवाल्याने न बोलता ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. समोर काही नव्हतं. माती, चाकोरी, कडेला ज्वारी. मग त्यातला मातीचा एक तुकडा उंच झाला, त्याला लांब मान होती. ती रस्त्याच्या मधोमध थांबली, एक पाय उचललेला, आमच्याकडे एका डोळ्याने बघत, आणि मग अजिबात घाई न करता ज्वारीत गेली. मी खिडकीतून दाबलं तेवढं दाबलं. आयएसओ १२८००, शटर १/१२५, हात हललेला. फेटेवाला काही बोलला नाही, पण गाडी परत सुरू करायला त्याने बराच वेळ लावला, ती पुरेशी आत जाईपर्यंत.

घरी येऊन उडीचे फोटो सगळे छान निवडले, नॉइज काढला, क्रॉप केले. आणि आमच्या पक्षीवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पहिल्यांदा टाकला तो हा, मातकट, हललेला, दाणेदार. जागेचं नाव लिहिलं नाही, त्यावरून दोघांनी आधी ऐकवलं. मग एकाने विचारलं, "हे काय आहे? ढेकूळ?"

मी लिहिलं, तणमोराची मादी आहे, मधे बघ, डोळा दिसेल.

बराच वेळ त्याचं टायपिंग चालू दिसत होतं. झूम वगैरे करून बघत असणार. मग आलं, "अच्छा अच्छा. उडीचा नाही का मिळाला?"